टोपीखालचा पिवळा डाग

श्रावणातल्या एका सकाळी प्राचार्या प्रियदर्शनी माने हिचा फोन आला, तेव्हा कुंडलचे यंत्र माझ्या टेबलावर उघडेच होते. मी उजव्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, खिशातला डावा हात बाहेर काढला आणि मगच फोन उचलला. तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन मला अकरा वर्षे झाली. प्रियदर्शनी माझीच विद्यार्थिनी. आता ती त्याच संस्थेची प्रमुख आहे.

"सर, दालनातल्या तंत्रज्ञाच्या जागेसाठी सिद्धू कोळेकरचा अर्ज आलाय," ती म्हणाली. "हे काम त्याच्याइतकं येणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. पण कुंडलला काय झालं ते माझ्याही कानावर आलंय. ते मशीन तुम्हीच बघितलं होतं ना?"

"मीच बघितलं होतं."

"मग तुमचा अभिप्राय लेखी द्या. भाद्रपद संपायच्या आत. नाही तर समितीतले लोक म्हणतातच आहेत, की जुन्या डब्यांतल्या ट्यूब काढून टाका, आत सपाट पडदे बसवा आणि व्हिडिओ लावून द्या. कटकट नको."

दालन म्हणजे जुन्या संगणकांचे दालन. सांगली-साताऱ्याकडच्या शाळा, साखर कारखाने आणि बँका यांनी अडगळीत टाकलेले बावीस संगणक प्रियदर्शनीने दोन वर्षे खपून गोळा केले होते. ते नुसते मांडून ठेवायचे नव्हते, पेटते दाखवायचे होते. त्यासाठी पिक्चर ट्यूबची नस ओळखणारा माणूस रोज तिथे हवा होता. सिद्धूही माझाच विद्यार्थी. त्याचे कवठेमहांकाळला दुकान आहे. पूर्वी तो टीव्ही दुरुस्त करायचा. ट्यूबचे टीव्ही गेल्यापासून मोबाइलच्या काचा बदलतो. त्याच्या हातात जी विद्या होती, तिला गिऱ्हाईक उरलेली एवढी एकच जागा होती, आणि ती मिळणे न मिळणे माझ्या एका कागदावर येऊन थांबले होते.

"हे कुंडलचं मशीन आधी पुरं करतो," मी म्हणालो. "मग लिहितो."

मनात मात्र मी लिहून ठेवलेच होते, आणि ते सिद्धूच्या बाजूचे नव्हते.

कुंडलचे यंत्र सयाजी पवारांचे. सयाजीराव फौजेत सिग्नल्समध्ये होते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी आमच्याकडे सहा महिन्यांचा संध्याकाळचा अभ्यासक्रम केला, एका लिलावात हा संगणक घेतला आणि उसाच्या पट्टीतली बाकीची रक्कम घालून गावात वर्ग काढला. संगणक म्हणजे एकच पेटी: पुढे नऊ इंची हिरवा पडदा, खाली कळफलक. कुंडलच्या दोन पिढ्यांनी पहिला संगणक म्हणून हाच पाहिला. पुढे वर्ग बंद पडला आणि यंत्रही बंद पडले, पण सयाजीरावांच्या आई हरणाबाई यांनी ते सोप्यातून हलवू दिले नाही.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदात सिद्धूने ते चालू केले. जळालेली ईएचटी कॉइल त्याने स्वतःच्या हाताने नव्याने गुंडाळली. पडद्यावर प्रकाश उमटायचा तर ट्यूबला बारा हजार व्होल्ट लागतात, आणि ते तयार करते ती ही मुठीएवढी कॉइल. केसासारख्या तारेचे हजारो वेढे, प्रत्येक थरामध्ये कागद, वर रसायनाचा लेप. असे काम हाताने करणारी माणसे आता महाराष्ट्रात किती असतील कोण जाणे. पडदा हिरवा झाला आणि पवारांच्या सोप्यात गाव लोटला. सव्वा महिन्याने, दिवाळीच्या तोंडावर, आतून धूर आला आणि सगळे संपले.

तेव्हा सयाजीरावांनी मला बोलावले. मी यंत्र उघडले. कॉइल जळून काळी झाली होती. ट्यूबच्या काचेवर, कॉइलची वायर जिथे जोडतात त्या अ‍ॅनोडवरच्या रबरी टोपीच्या कडेला, एक पिवळट ओघळ सुकलेला दिसला. माझ्या वहीत मी त्या दिवशी नोंद केली: "अ‍ॅनोडपाशी पिवळा डाग. फ्लक्स सांडलेला. काम निष्काळजी." फ्लक्स म्हणजे झाळकाम करताना वापरायची राळ, वितळली की अशीच पिवळट ओघळते. सयाजीरावांनी विचारले तेव्हा मी तोंडीही तेच सांगितले.

"मला वाटलंच," ते म्हणाले होते. "मेंढरं राखणाराच्या पोराला म्हंजे लोकर कातायची सवय. तार गुंडाळाय दिली तर त्यो तिची बी लोकरच करनार."

मी हसलो नाही, पण अडवलेही नाही. हे वाक्य पुढे पलूस तालुक्यात फिरले आणि सिद्धूकडे दुरुस्तीला येणारी उरलीसुरली जुनी यंत्रे थांबली.

*

यंदा सयाजीरावांनी ते यंत्र दालनाला दिले आणि दुरुस्ती मी स्वतःकडे घेतली. साताऱ्याला राजवाड्याच्या मागे एक भंगारवाला आहे. त्याच्याकडे त्याच बनावटीच्या फुटक्या यंत्रातून एक मूळची, कारखान्यात बनलेली कॉइल मिळाली. एसटीने जाऊन ती मी मांडीवर घेऊन आलो.

कामाची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी ट्यूबमधला साठलेला भार काढायचा: लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून ती चौकटीला जोडायची, त्याचे टोक टोपीखाली सरकवायचे, दुसरा हात खिशात. दोन्ही हात गुंतले तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जाते. एकदा भार काढला की पाच मिनिटे थांबून पुन्हा काढायचा, कारण रिकामी झालेली ट्यूब आपोआप थोडी भरते. मग टोपी सोडवायची. टोपीच्या भोवती बोटभर रुंदीची काच मुद्दाम कोरी ठेवलेली असते आणि तिच्यापलीकडे काळा ग्राफाइटचा लेप असतो. ती कोरी काच म्हणजे शेताचा बांध. बांध स्वच्छ आणि कोरडा असेल तोवर बारा हजार व्होल्ट आपल्या जागी राहतात.

गेल्या वर्षीचा तो पिवळा डाग तसाच होता. मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. पिवळेपणा बराचसा गेला, काच चकाकली. नवी कॉइल बसवली, जोडण्या तपासल्या, स्विच दाबला. अर्ध्या मिनिटात पडद्यावर हिरवा ठिपका आला, वाढला आणि स्थिर चौकट झाली.

आठ दिवस मी यंत्र रोज चार तास चालवले. खोट निघाली नाही. नवव्या दिवशी अभिप्राय लिहायला बसलो. "श्री. कोळेकर यांचे कौशल्य वादातीत असले तरी" इथपर्यंत आलो होतो. बाहेर दुपारपासून पावसाची झड लागली होती, खिडक्यांची लाकडे फुगली होती. आणि टेबलावरून आवाज आला. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा, बारीक, पण न थांबणारा. पाठोपाठ वीज पडल्यावर येतो तसला उग्र वास. पडद्यावरची चौकट फुगली, आकसली, पुन्हा फुगली.

मी प्लग काढला.

ही कॉइल सिद्धूने गुंडाळलेली नव्हती. तिला त्याचा हातही लागला नव्हता. झाळकाम माझे होते, आणि मी फ्लक्स सांडलेला नव्हता. तरीही यंत्र गेल्या वर्षीच्याच वाटेने चालले होते.

खिडक्या लावून खोली अंधारी केली, यंत्र क्षणभर चालू केले आणि आत पाहिले. टोपीच्या कडेपासून काळ्या लेपापर्यंत, त्या कोऱ्या काचेवरून, जांभळट ठिणग्यांची एक रेघ धावत होती. वाट तीच होती, जिथे डाग होता. बांध फुटला होता, आणि त्या गळतीचा सगळा ताण कॉइलवर येत होता. अशा वेळी कोणाचीही कॉइल जळाली असती.

बंद करून, दोनदा भार काढून, मी पुन्हा टोपी सोडवली. स्पिरिटने जे निघाले नव्हते ते पाण्याने निघेल म्हणून मंगलकडून कपड्यांच्या साबणाचे पाणी आणि कापूस मागून घेतला. मंगल म्हणजे माझी पत्नी. माझ्या टेबलाजवळ ती सहसा येत नाही, कारण मी तिला तिथे हात लावू देत नाही. त्या दिवशी ती वाटी घेऊन उभी राहिली.

मी बोळा फिरवला. टोपीच्या खोबणीलगत थोडा पिवळा उरला होता. तो पुसताच बोळा लाल झाला.

"अगं बाई, हळद," मंगल म्हणाली.

"राळ आहे ती."

"राळेला साबण लावल्यावर लाल होतं होय? अहो, तुमच्या बनियनवर आमटी सांडली की मी काय सांगते दरवेळी? आधी उन्हात टाका, साबण लावू नका, लाल होतं. चाळीस वर्षं सांगतेय."

मी खण उघडला. काचेच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर फ्लक्स वितळवला, दुसरीवर स्वयंपाकघरातली चिमूटभर हळद पाण्यात कालवून लावली. दोन्ही वाळल्यावर साबणाचा बोळा फिरवला. फ्लक्स जसाच्या तसा पिवळट राहिला. हळदीचा बोळा लाल झाला.

"झालं समाधान?" मंगल म्हणाली. "सांगलीत राहून हळद ओळखायला प्रयोग करावा लागतो माणसाला."

मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की आमच्या गावाच्या हवेलाच तो वास असतो. मी जन्मापासून त्या वासात वाढलो. आणि काचेवर हळद दिसली तेव्हा मला राळ दिसली, कारण समोर सिद्धूचे काम होते आणि सिद्धूची चूक असणार हे मी यंत्र उघडण्याआधीच धरून चाललो होतो.

मी गेल्या वर्षीची वही काढली. तारखा मी नेहमी लिहितो. दुरुस्ती पूर्ण, २० सप्टेंबर. बंद पडले, २८ ऑक्टोबर. या दोन तारखांच्या मध्ये दसरा होता, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे घरोघरी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा. मध्ये काय घडले, हा एक प्रश्न मी कोणालाही विचारलेला नव्हता. वहीत त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी मी कवठेमहांकाळला गेलो. दुकानावर "श्री बिरोबा मोबाईल" अशी पाटी होती, तिच्या रंगाखालून जुनी "टी.व्ही. रिपेअर" ही अक्षरे अजून दिसत होती. सिद्धू चाळिशीचा आहे. डावखुरा. शिकत असताना मी त्याला सांगितले होते, तू उजवा हात खिशात घाल. तेव्हापासून त्याच्या सगळ्या पँटींचा उजवाच खिसा फाटतो.

"आवं सर, तुमी कशाला आलासा, फोन करायचा की," तो उठून म्हणाला. "बसा. च्या सांगतो."

मी बसलो आणि सगळे क्रमाने सांगितले. कॉइल, पाऊस, ठिणग्या, लाल बोळा. तो डाव्या हाताने एका फोनची काच पुसत ऐकत राहिला.

"तुझी कॉइल निर्दोष होती," मी म्हणालो. "माझं निदान चुकलं."

"व्हय," तो म्हणाला. जणू मी वाजले किती ते सांगितले होते.

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता, सर. मी पहिल्यांदा उघडलं तवाच आत हळद होती, लय वर्षांची. धुऊन काढली, साबणानं, मग पाण्यानं, आणि वाळवून वर व्हार्निश मारलं. पूजेत वरच्या भोकातनं हळद-कुंकू आणि नारळाचं पाणी आत जातंय. त्या पाण्यात साखर आणि मीठ. वाळलं तरी हवेतली ओल धरतंय."

"स्पिरिटनं रंग गेला, साखर तशीच राहिली," मी म्हणालो.

"स्पिरिट कशाला मारायचं, सर?" तो हसू दाबत म्हणाला. "साखर पाण्यात विरघळती. हे आमच्या म्हातारीला बी ठाऊक हाय."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने फोन खाली ठेवला. "बंद पडल्यावर मी गेलो होतो की कुंडलला. सयाजीरावांनी मशीनला हात लावू दिला न्हाई. म्हणाले, सर बघून गेलेत. आता उघडल्याशिवाय निदान न्हाई, हे तुमीच शिकवलंय. न बघता कसं बोलू?"

"मला फोन करायचास."

"करणार होतो. पण काय सांगू? हळदीनं मशीन जाळलं? सर, आमच्यात हळद म्हंजे बिरोबाचा भंडारा. माझा बा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा तवा कपाळाला भंडारा लावून निघायचा, सहा महिन्यांनी येऊन पुन्हा लावायचा. मी तोंडानं म्हणायचं, की भंडाऱ्यानं नुकसान केलं? आणि ते बी हरणाआजीच्या. मी चार दिवस तिथं काम करत होतो तर ती रोज स्वतः भाकरी थापून वाढायची. चालू झाल्यावर तिनंच ओवाळलं. त्या साली आनंदानं तिनं पूजा जरा जास्तच केली असणार. आता म्हातारीला म्हणू, आजी, तुमच्या हातानं झालं?"

"तुझं नाव गेलं त्यात."

"गेलं. पण नाव काय, काम मिळालं तर येतंय परत." मग त्याने माझ्याकडे न पाहता विचारले, "अर्जाचं काय, सर? तुमच्याकडं कागद आलाय म्हणं."

"लिहितो आहे."

"पण हरणाआजीला सांगू नका, सर. माझं मी बघतो."

परतीच्या एसटीत मी विचार करत आलो. नुसते "माझे निदान चुकले" एवढे लिहून भागले असते. पण मग खरे काय होते, हे समिती विचारणार. आणि ते न सांगता सिद्धूला मोकळा केला, तर लोक म्हणणार की सरांनी विद्यार्थ्याला पाठीशी घातले. शिवाय खंडेनवमी तोंडावर होती. यंत्र दालनात गेले तरी हरणाबाई पूजेला येणारच होत्या. त्यांनी देताना तशी अटच घातली होती. हळद पुन्हा आत जाणार, आणि दोष पुन्हा सिद्धूच्या माथी बसणार. सिद्धूची विनंती मी मान्य करू शकत नव्हतो.

*

कुंडलला पवारांच्या सोप्यात हरणाबाई पाटावर बसून शेंगा फोडत होत्या. पंच्याऐंशीच्या पुढे वय, नजर स्वच्छ. सयाजीराव खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"बोला सर. मशीन पेटलं का पुन्हा?"

"पेटलं, आणि पुन्हा बिघडलं. आता नीट केलं आहे. कारण सांगायला आलो आहे, आणि ते आईंसमोर सांगायचं आहे."

मी सांगितले. त्यांना कळेल अशा शब्दांत, पण काही न वगळता. सयाजीरावांचा चेहरा हळूहळू लाल झाला. हरणाबाईंचे हात शेंगांवर थांबले.

"म्हंजे त्या पोराचं नाव माझ्या हळदीनं घालवलं म्हना की," त्या म्हणाल्या.

"तुमच्या हळदीनं यंत्र बिघडलं. नाव मी घालवलं."

"आन् हा?" त्यांनी हातातली शेंग मुलाकडे रोखली. "ह्यो तर गावभर सांगत हिंडला. लोकर म्हनं, लोकर."

"आई, मला सरांनी सांगितलं म्हणून मी बोललो," सयाजीराव म्हणाले.

"आन् मास्तरांना कुनी सांगितलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "मी न विचारताच ठरवलं."

हरणाबाई पुन्हा शेंगा फोडू लागल्या. मग सयाजीराव खुर्चीत पुढे सरकले. फौजी माणूस, हिशेब समोरासमोर करणारा.

"सर, एक साफ बोलू का? राग मानू नका. आमच्या घरात यंत्राला पूजा कुठनं आली? आमच्याकडं नांगराची, बैलगाडीची, तलवारीची. संगणकाची पूजा मी तुमच्या लॅबमध्ये बघितली. खंडेनवमीला तुमी सोवळं नेसल्यागत हात धुवून यायचा. प्रत्येक मशीनला पाच बोटं हळद-कुंकू, नारळ फोडून त्याचं पाणी आंब्याच्या पानानं वरनं शिंपडायचा. मी घरी येऊन आईला सांगितलं, सर असं करतात. तवापासनं ती करती."

मला ते आठवले. ऑसिलोस्कोपवर, मीटरवर, टेबलांवर. मी पान नारळाच्या पाण्यात बुडवून शिंपडत असे आणि मुले हसत मागे सरत. आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या उपकरणांना वर भोके नव्हती. पेट्या बंद लोखंडाच्या होत्या. हा फरक मी कधी कोणाला सांगितला नव्हता. सांगावा लागेल असे वाटलेच नव्हते.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "ती शिकवणही माझीच."

हरणाबाई पहिल्यांदाच हसल्या. "मग आता कुनाकुनाला धरायचं? मास्तरांना धरा, ह्याला धरा, मला धरा. एक ते पोरगंच सुटलं." त्यांनी सूप बाजूला सारले. "पूजा तर सोडायची न्हाई मी. त्या हिरव्या डोळ्यानं आमच्या गावातल्या पोरींना बँकेत न्हेऊन बशिवलं. सुपारी मांडीन म्होरं. देव जर सुपारीत बसतोय, तर ह्यो डबा का बसंना? काय हळद लावायची ती सुपारीला. पानी बी तिलाच."

"चालेल," मी म्हणालो.

"चालंल न्हवं, तसंच व्हायला पायजे. आन् सयाजी, तू जितक्या जनांना सांगितलंस तितक्यांच्या दारात जाऊन परत सांगायचं."

"आई, तालुका आहे तो."

"मोटरसायकल हाय की तुझ्याकडं."

*

त्याच संध्याकाळी मी अभिप्राय लिहिला. "वादातीत असले तरी" हा कागद फाडला आणि नवा घेतला. त्यात कॉइल, डाग, हळद, सिद्धूने सांगितलेली नारळपाण्यातली साखर, दोन काचपट्ट्यांचा प्रयोग, दोन तारखा आणि माझे चुकलेले निदान, सर्व क्रमवार मांडले. शेवटी एकच वाक्य: या दालनातील उच्चदाबाची कामे श्री. सिद्धू कोळेकर यांच्याशिवाय अन्य कोणाकडे देऊ नयेत, यात मीही आलो.

प्रियदर्शनीचा फोन आला. "सर, शिफारसपत्रात कुणी स्वतःच्या चुकीची दोन पानं लिहितं का?"

"समिती काय म्हणाली?"

"एक जण म्हणाले, हे पत्र आहे की प्रयोगवही. मग दुसऱ्यांनी विचारलं, साखर पाण्यात विरघळते हे यातलं कुणाला सुचलं? मी सांगितलं, सिद्धूला. सोमवारपासून ये म्हणून कळवलंय त्याला."

वहीतली जुनी नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली, आणि पुढच्या सर्व पानांवर पट्टीने एक रकाना वाढवला: "मध्यंतरी काय घडले."

खंडेनवमीला दालन पहिल्यांदा उघडले. बावीस यंत्रांपैकी एकोणीस तयार होती. तीनसाठी सिद्धू अजून तार गुंडाळत होता. सयाजीराव आईला घेऊन कुंडलहून आले. येताना त्यांनी पलूसच्या चार माणसांना गाडीत घालून आणले होते. त्यांना घरोघरी सांगण्यापेक्षा इथेच दाखवतो, असे त्यांचे म्हणणे. सिद्धूला पाहताच ते पुढे झाले, त्याचा खांदा धरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "लोकर म्हणलो होतो मी. माझी जीभ घसरली, गड्या."

"असू द्या की, सयाजीराव," सिद्धू म्हणाला. "लोकर बी सोपी नसती कातायला. एक दिवस या, बसवतो चातीवर."

हिरव्या पडद्याच्या यंत्रासमोर पाट मांडला होता. त्यावर विड्याचे पान, पानावर सुपारी. हरणाबाईंनी सुपारीला हळद लावली, कुंकू लावले, नारळाचे पाणी बोटाने शिंपडले. सगळे यथासांग झाले. पण तीस वर्षांची सवय. उठताना त्यांचा हळदीचा हात आपोआप यंत्राच्या वरच्या भोकांकडे गेला. सिद्धूने मध्ये आपला डावा हात धरला. हरणाबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि तिथेच, त्याच्या हाताच्या पाठीवर, पाच बोटे उमटवली. त्याने तो हात कपाळाला लावला.

मग त्याने तो फडक्याने पुसला, पाण्याने धुतला, पुन्हा पुसला, उजवा हात खिशात घातला आणि स्विच दाबला.